रांगेत ओळख काढा

धनकवडीहून एका बाईंचं पत्र आलं आहे. वहीची चार पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. नाव छापू नका म्हणतात, म्हणून छापत नाही. हकीकत थोडक्यात अशी.

मिस्टर 47 वर्षांचे. नांदेड फाट्याजवळच्या एका वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं लेथवर टर्नर होते. दहा महिन्यांपूर्वी पहाटे पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं. पगार 17 हजार होता, त्यातून ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे, पैसे कापले जायचे. सुरुवातीचे तीन महिने तिथून पैसे आले, मग थांबले. दोन खेपा घालून दिव्यांग प्रमाणपत्र मिळालं, 55 टक्क्यांचं. त्यावर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज केला, त्याला आता चार महिने होतील. खिडकीवर दर वेळी एकच उत्तर, ‘कमिटीची मीटिंग झाली नाही.’ बाई चार घरी पोळ्या करतात, महिन्याला साडेतीन-चार हजार मिळतात. बाकीचं दीर पाठवायचे, तेही आता ‘बघतो’ म्हणायला लागले आहेत. मुलगी बारावीत, मुलगा आठवीत.

पुढचं त्यांच्याच शब्दांत: ‘आधी सगळे फळं घेऊन आले. काही लागलं तर सांगा म्हणाले. आता जिन्यात भेटले तर मोबाइल बघत वर जातात. ह्यांना घरी कुणी आलेलं आवडत नाही. आम्ही कधी कुणापुढे हात पसरला नाही. मी भिशीला जाणंही सोडलं, कारण सगळ्या आधी विचारतात आणि मग गप्प बसतात. ताई, पैसे यायचे तेव्हा येतील. पण तोवर माणसं कुठून आणू?’

धनकवडीच्या ताई,

तुम्ही पैशांचं दोन ओळींत उरकलंत आणि बाकी सगळं पत्र माणसांवर लिहिलंत. तरी मी सुरुवात पैशांपासूनच करणार आहे, कारण त्या दोन ओळींतलं एक वाक्य मला टोचलं. ‘तीन महिने पैसे आले, मग थांबले.’

ते तीन महिने म्हणजे 91 दिवस. ईएसआयचा नेहमीचा आजारपणाचा लाभ वर्षाला तेवढाच असतो, पगाराच्या 70 टक्के. तो संपला म्हणून थांबला, त्यात कुणी तुमचं अडवलेलं नाही. पण ईएसआयकडे काही दीर्घ आजारांची एक यादी असते आणि अर्धांगवायू त्या यादीत आहे. त्या आजारांना 91 दिवसांनंतर वाढीव आजारपणाचा लाभ मिळू शकतो. पगाराच्या 80 टक्के, दोन वर्षांपर्यंत, आणि त्या काळात दवाखानाही चालू राहतो. विमा असलेली किमान दोन वर्षांची नोकरी आणि ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असणं, अशा अटी आहेत. मिस्टरांची अकरा वर्षं झाली आहेत. मात्र प्रमाणपत्र ईएसआयच्याच डॉक्टरांचं लागतं, बाहेरच्या डॉक्टरांची फाइल कितीही जाड असली तरी चालत नाही. तेव्हा विमा क्रमांक, पगाराच्या जुन्या स्लिपा आणि दवाखान्याचे कागद घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा आणि नेमक्या शब्दांत विचारा, ‘वाढीव आजारपण लाभासाठी काय करायचं?’ मधले सात महिने गेले, आता कोण देणार, असं घरी बसून ठरवू नका. जे गेलं त्याचं काय करता येईल, तेही तिथेच विचारा.

एक गोष्ट आताच सांगून ठेवते. हा लाभ सुरू झाला तर महिना साडेतेरा हजारांच्या आसपास जाईल. निराधार योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50 हजार आहे. म्हणजे तुम्ही ज्या 2,500 रुपयांसाठी चार महिने खेटे घालताय ते कदाचित तेव्हा मिळणार नाहीत. ते लपवू नका, कचेरीत खरं ते सांगा. ईएसआयचा लाभ संपेल तेव्हा पुन्हा अर्ज करता येतो.

आता तुम्ही म्हणाल, हे मला आजवर कुणीच कसं सांगितलं नाही? खिडकीतला माणूस विचाराल तेवढंच सांगतो. त्याच्यामागे दोनशे माणसं उभी असतात. बाकीचं सगळं रांगेत मिळतं. तुमच्या ‘माणसं कुठून आणू’ला माझ्याकडे तेच उत्तर आहे, आणि ते मलाही एका रांगेतच सापडलं.

2019 साली माझ्या थोरल्या भावाचा, अण्णाचा, मधुमेहानं पाय गेला. गुडघ्याखालून. प्रमाणपत्रासाठी एका सरकारी रुग्णालयात आम्ही सकाळी साडेआठला जाऊन उभे राहिलो. अण्णा व्हीलचेअरवर, मी त्याच्यामागे, हातात कागदांची पिशवी. मी कॉलेजात तीस वर्षं शिकवलं, रांगेत पुढच्या बाईशी बोलायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. मी पर्समधून पुस्तक काढलं. साडेबाराला आतून निरोप आला की हाडांचे डॉक्टर आज कोर्टात साक्षीला गेलेत, पुढच्या आठवड्यात या. मी तिथल्या शिपायाशी भांडले. पुणेरी भांडण, म्हणजे आवाज न चढवता, शुद्ध मराठीत. उपयोग शून्य.

माझ्यापुढे एक बाई होत्या, हडपसरच्या बाजूच्या. बारा वर्षांचा मुलगा कडेला टेकवलेला, त्याला सेरेब्रल पाल्सी. त्यांनी घरून प्लास्टिकचं घडीचं स्टूल आणलं होतं. पिशवीत फेव्हिस्टिक, स्टेपलर, काळं आणि निळं अशी दोन पेनं, फोटोंचं पाकीट, आणि मुलासाठी वरण-भात कालवलेला डबा. त्या भांडल्या नाहीत. त्यांची ती चौथी खेप होती. मला म्हणाल्या, ‘मॅडम, तुमचे कागद उलटे लागलेत. नवा वर, जुना खाली, तारखेनं लावा. डॉक्टर पहिली तीन पानं बघतात.’ तिथेच फरशीवर बसून त्यांनी अण्णाची फाइल लावून दिली. मग म्हणाल्या, ‘पायाचं माप कुठे देणार आहात?’ आम्ही म्हटलं, अजून चौकशीच केलेली नाही, लाखभर लागतील असं ऐकलंय. ‘साधू वासवानी मिशनमध्ये विचारा की, तिथे फुकट बसवतात.’ अण्णाचा पहिला पाय तिथलाच.

त्यांनी आणखी एका बाईंना निरामय विम्याचं सांगितलं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची योजना, लाखापर्यंतचा खर्च मिळतो. त्या बाईंचा मुलगा एकोणीस वर्षांचा होता आणि त्यांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं, एका अनोळखी बाईकडून, वरण-भात भरवता भरवता.

माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर अजून ‘रांग स्टूल’ या नावानं आहे. त्या दिवशी नाव विचारायचं राहिलं, आणि नंतर कळलं तरी बदलवलं नाही.

तेव्हा पहिलं काम. फिजिओथेरपीला जाता तिथल्या बाकावर तुमच्याच वेळेला येणारी दोन-तीन कुटुंबं असतीलच. तोंडओळख असेल, मान हलवत असाल. पुढच्या खेपेला विचारा, ‘तुमच्याकडे कधी झालं? कुठला हात?’ एवढंच. आजारी माणसाच्या घरच्यांना हा प्रश्न खुपत नाही, उलट ते महिनाभर कुणीतरी विचारायची वाट बघत असतात. पुण्यात पार्किन्सन्सच्या रुग्णांचं आणि त्यांच्या घरच्यांचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, स्किझोफ्रेनियासाठी ‘सा’ ही संस्था आहे, तिथेही स्वमदत गट चालतो. या मंडळींमध्ये डॉक्टर भाषण करून जातात ते ठीकच, पण खरं काम चहाच्या वेळी होतं. कोण शर्टाला बटणाऐवजी वेल्क्रो लावतं, कोण ताटाखाली ओला नॅपकिन ठेवतं म्हणजे ताट सरकत नाही, कुणाला रात्री झोप लागत नाही. हे कुठल्याच केसपेपरवर लिहिलेलं नसतं. तुमचा गट तुम्हालाच काढावा लागेल असं दिसतंय. तीन घरांचा काढा. त्याला नाव, अध्यक्ष, बॅनर काही लागत नाही. एकमेकांचे नंबर आणि ‘आज डॉक्टर आले नाहीत, निघू नका’ असा सकाळचा एक मेसेज, इथून सुरू होतं. त्या एका मेसेजनं रिक्षाचे जाऊन-येऊन तीनशे रुपये वाचतात.

आता जिन्यातल्या माणसांचं. तुम्हाला त्यांचा राग आलाय आणि तो मला कळतो. पण त्यांच्या बाजूनं एकदा बघू. ‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. मीही म्हटलंय, आणि समोरच्यानं काही सांगितलं नाही की सुटल्यासारखं वाटलंय. तुम्ही दहा महिने त्यांना काहीच सांगितलं नाहीत. त्यांनी विचारलं, तुम्ही ‘नाही हो, चाललंय’ म्हणालात, आणि पुन्हा पुन्हा तेच विचारायची त्यांना लाज वाटू लागली. मोबाइल बघत वर जाणारा माणूस दर वेळी दगड असतो असं नाही. बरेचदा काय बोलावं ते त्याला सुचत नसतं.

कालनिर्णयच्या मागच्या पानावर एक यादी करा. पैसे सोडून. ज्याला सुरुवात आणि शेवट आहे अशी कामंच लिहा. ‘मदत करा’ म्हटलं की माणूस घाबरतो, त्याला वाटतं हे गळ्यात पडणार. ‘मंगळवारी अकरा ते एक, मी कचेरीत जाऊन येईपर्यंत ह्यांच्याजवळ बसाल का? पेपर वाचत बसलात तरी चालेल,’ असं म्हटलं की बहुतेक जण हो म्हणतात, आणि नाही म्हणाले तरी मंगळवारचंच नाही म्हणतात. वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ राहतात असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला अर्ज, पोचपावत्या आणि पाठपुरावा यांची इतकी तहान असते की तुम्ही त्याच्यावर उपकार कराल. तुमची सगळी फाइल त्यांच्याकडे घेऊन जा. खात्याला आधार जोडलेलं आहे का, तेही त्यांनाच बघायला सांगा, कारण अनुदान आता थेट खात्यात येतं आणि मंजूर होऊनही तिथे अडकतं.

कचेरीत एकट्या जाऊ नका, हेही त्याच यादीत लिहा. एकटी बाई गेली की उत्तर तोंडी मिळतं. सोबत वही घेतलेला माणूस असला की तेच उत्तर जरा जपून दिलं जातं. प्रत्येक खेपेची तारीख आणि कोण काय म्हणालं ते लिहून ठेवा. ‘मीटिंग झाली नाही’ हेच उत्तर आणखी एकदा आलं तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: माझा अर्ज अमुक तारखेला दिला, तो आज कुठल्या टेबलावर आहे, समितीची मागची बैठक कधी झाली? 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भांडणाची भाषा नको, प्रश्न तेवढे. आणि शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दिव्यांग व्यक्तीला वकील मोफत मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय तर आपल्या पुण्यातच आहे. गडचिरोलीच्या माणसाला तिथे यायला दोन दिवस लागतात, आपल्याला पीएमपीच्या बसनं तासभर. ‘मी करून देतो, हजार द्या’ म्हणणारा कुणी कचेरीबाहेर भेटला तर त्याला नमस्कार करून पुढे जा.

महापालिकेचं वेगळं खातं आहे, निराधार योजनेशी त्याचा संबंध नाही. पालिकांना आपल्या निधीतला 5 टक्के वाटा दिव्यांगांसाठी राखावा लागतो. समाज विकास विभागात यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, घेऊन जा आणि यंदा कुठल्या योजना चालू आहेत ते विचारा. पीएमपीच्या पासचं त्याच फेरीत उरका.

मंडळाचं आता. तुमच्या गल्लीत गणपती मंडळ असणारच, पुण्यात नसलेली गल्ली मला माहीत नाही. बऱ्याच मंडळांकडे आणि छोट्या ट्रस्टांकडे रुग्णोपयोगी साहित्य असतं: व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, वर-खाली होणारी कॉट. थोडी अनामत ठेवून वापरायला मिळतं, काम झालं की परत. तुम्ही लिहिलंय की प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून अंघोळ घालता आणि ती सरकते. ती आजच बंद करा, पाय घसरला तर वर हाडही मोडून बसाल. मंडळाच्या कट्ट्यावर संध्याकाळी जी मुलं बसतात, ज्यांना आपण एरवी ‘काही कामधंदा नाही का’ म्हणतो, त्यांच्यातल्या एकाला सांगा. तो चौकशी करून दोन दिवसांत खुर्ची उचलून तिसऱ्या मजल्यावर आणून देईल. डीजेबद्दल माझं त्यांच्याशी पटत नाही, पण उचलायच्या कामाला ही मुलं बाकी कुणाहीपेक्षा बरी.

एक सावधगिरी. कुणी ‘दिव्यांगांना साहित्य वाटप’ म्हणून स्टेजवर बोलावलं, गळ्यात हार, शेजारी नगरसेवक, समोर फोटोग्राफर, तर जावं की नाही ते मिस्टरांनाच विचारा. ते नको म्हणाले तर ‘वस्तू घरी पाठवाल का, फोटो नको’ असं सांगा. काही जण पाठवतात, काही जण मग देतच नाहीत. न देणाऱ्यांचं मनावर घेऊ नका, त्यांना फोटोच द्यायचा होता.

भिशीचं मला सगळ्यात वाईट वाटलं. पैशांसाठी बारा बायका महिन्याला एकत्र येत नाहीत, चिठ्ठी काढायचा कार्यक्रम पाच मिनिटांचा असतो. बाकीचे दोन तास कशाचे असतात हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्यांच्यातल्या जिच्याशी तुमचं सगळ्यात जास्त जमतं तिला एकटीला गाठा आणि सांगा, ‘या वर्षी मी पैसे भरणार नाही, नंबर घेणार नाही, पण येऊन बसणार आहे. आणि ह्यांची तब्येत कशी आहे हे दर वेळी विचारायचं नाही, काही वेगळं असेल तर मीच सांगेन.’ बाकीच्यांना ती सांगेल. विचारून गप्प बसणाऱ्या बायकांना विषय बदलायची परवानगी हवी असते, ती तुमच्याकडूनच यावी लागते. पहिल्या खेपेला अवघड जाईल, तासाभरात उठून आलात तरी हरकत नाही.

आता मिस्टर. ‘कुणी आलेलं आवडत नाही’ हे खरं असेल, पण का आवडत नाही तेही बघा. झटक्यानं बोलणं गेलेल्या बऱ्याच जणांना समोरच्याचं बरंचसं समजत असतं, फक्त शब्द वेळेवर सापडत नाही. आलेले लोक मात्र त्यांच्याशी मोठ्यानं बोलतात, जणू कान गेलेत. नाहीतर त्यांच्यासमोर तुम्हालाच विचारतात, ‘जेवतात का नीट?’ अकरा वर्षं मायक्रोमीटरवर काम केलेल्या माणसाला हे सहन होत नसणार. दारातच येणाऱ्याला सांगायचं: हळू बोला, एका वेळी एकच प्रश्न, हो-नाहीत उत्तर देता येईल असा, आणि शब्द शोधत असतील तर मध्येच वाक्य पुरं करू नका. थांबा. ते थांबणं शिकवावं लागतं. अण्णाच्या बाबतीत पायाचा प्रश्न होता, तरी लोक त्याच्याशी मोठ्यानं बोलायचे!

आणि सांत्वनाला नको, कामाला माणूस आणा. तुमच्याच सोसायटीत किंवा मंडळात एखादा मुलगा आयटीआय करत असेल, टर्नर नाहीतर फिटर. त्याला म्हणा, काकांकडे ये, माप घ्यायचं व्हर्नियर घेऊन ये, ड्रॉइंग घेऊन ये. डाव्या हाताच्या बोटानं दाखवायला शब्द लागत नाहीत. पोरगं रीडिंग चुकीचं घेईल तेव्हा काका हातानं ‘नाही’ करतील, आणि मग बघा. ते पहिल्यांदा नको म्हणतील. मुलालाही लाज वाटेल. तुम्ही चहा ठेवायला म्हणून आत जा आणि जरा वेळानं या.

मुलीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे: ‘ती सगळं करते.’ हे वाचून मला धसकाच बसला. बारावीच्या वर्षात सगळं करणारी मुलगी घरात सगळ्यांना सोयीची असते, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. संध्याकाळचे तीन तास तिला घराबाहेर पाठवा, अभ्यासिकेत, नाहीतर मैत्रिणीकडे. ते तीन तास भरून काढायलाच ती कालनिर्णयच्या मागची यादी आहे. आठवीतल्या मुलाला वडिलांचे हाताचे व्यायाम मोजायला लावा. दहा-दहाचे तीन. मुलांना मोजायला आवडतं.

हात पसरण्याबद्दल. तुम्ही चार घरी पोळ्या करता. त्या घरांना तुमची गरज आहे म्हणून त्यांनी तुमच्यापुढे हात पसरला असं तुम्हाला कधी वाटलंय का? कोविडच्या दिवसांत तुम्ही खालच्या आजींना महिनाभर डबा दिलात असं लिहिलंय. तेव्हा त्या आजींच्या मनात काय आलं असेल? त्यांचा मुलगा आता नोकरीला लागलाय, त्याच्याकडे स्कूटर आहे. औषधं आणायचं काम त्याचं. त्याला आठवण करून द्यायची गरज नाही, नुसती चिठ्ठी द्या.

एवढं सगळं एकदम होणार नाही. या आठवड्यात दोनच करा: ईएसआयचं शाखा कार्यालय आणि फिजिओच्या बाकावरचा तो एक प्रश्न. बँकवाल्या काकांकडे रविवारी जा, ते शनिवारी मुलीकडे जातात असं तुम्हीच लिहिलंय.

आणि कचेरीत जाताना घडीचं स्टूल न्या, तुळशीबागेत मिळतं. पिशवीत फेव्हिस्टिक ठेवा. ती तुम्हाला लागणार नाही कदाचित, पण मागच्या माणसाला लागेल, आणि तो परत करायला येईल तेव्हा त्याला विचारा की त्याची ही कितवी खेप.

तुमची,
ताई